पहिल्या रिंगला

"ताई, रिपोर्टचा नवीन फॉरमॅट आहे. आधी तुमच्या स्वतःच्या एखाद्या साइटवर चालवून बघा, मग क्लायंटच्या घ्या," ऋतुराज फोनवर म्हणाला.

"माझी कुठली आलीय साइट? मी नुसती लोकांच्या बघते."

"कधीतरी एखादी केली असेल ना?"

केली होती. आयुष्यात एकच. तिचा पत्ता मला पाठ होता, पण गेल्या चार वर्षांत तो टाइप करायला माझी बोटं धजली नव्हती. मी तो ब्राउझरमध्ये टाकला. पान उघडलं. उजवी क्लिक करून बाजूची पट्टी उघडली, तपासणीचं बटण दाबलं आणि चहा गाळायला आत गेले. परत येईपर्यंत निकाल लागला होता. शोधासाठीचे गुण शंभरपैकी सहासष्ट.

मी चष्मा लावून खाली बघत गेले. पानाचं शीर्षक, हिरवं. पानाची माहिती, हिरवी. फोटोत काय आहे ते सांगणारे शब्द प्रत्येक फोटोमागे लिहिलेले आहेत का, आहेत, हिरवं. मोबाइलवर अक्षरं वाचता येतात, हिरवं. सगळ्यांच्या वर एकच ओळ लाल होती. इंग्रजीत होती, पण तिचा मराठी अर्थ मला झोपेत विचारला तरी सांगता येईल, कारण लोकांच्या रिपोर्टांत तो मी पन्नास वेळा तरी लिहिला असेल. हे पान शोधात घेऊ नये, असं सांगण्यात आलेलं आहे.

"कुणी सांगितलं?" मी मोठ्याने विचारलं.

घरात मी एकटी असते, त्यामुळे प्रश्न विचारला की उत्तराची सोयही मलाच करावी लागते. उत्तर सोपं होतं. मीच सांगितलं होतं. सात वर्षांपूर्वी, एका चौकोनात टिक करून.

माझं नाव इंद्रायणी. वय एक्कावन्न. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते. मी काय काम करते हे सोसायटीत कुणाला धड माहीत नाही. 'कॉम्प्युटरवर काहीतरी' एवढ्यावर त्यांचं समाधान आहे. ऋतुराजचं पुण्यात ऑफिस आहे. तो मला रोज सकाळी साइटांची यादी पाठवतो. दातांचे दवाखाने, मंगल कार्यालयं, डाळिंबाची रोपवाटिका, कोचिंग क्लास. कुणी गुगलवर शोधलं तर यांची साइट वर का येत नाही, हे मी शोधून द्यायचं. पाहुणे दिवाणखान्यात बसून सोफ्याचं कौतुक करतात, तशी सगळी जनता साइटचं तोंड बघते. मी थेट मोरीत जाते. शीर्षक लांब आहे का, दोन पानांना एकच नाव दिलंय का, फोटो जड आहेत का, एखादी लिंक भलतीकडे नेते का. मग दोन पानी रिपोर्ट. ऋतुराजला मी चार वर्षांत एकदाही समोरासमोर पाहिलेलं नाही, पण पोरगा सरळ आहे.

हे काम मला जमतं यात नवल नाही. मला बघायला एकूण अकरा स्थळं आली होती. पोहे खाऊन, माझ्याकडे बघून ती लोकं गेली आणि नंतर 'कळवतो' म्हणाली. मार्क कुणी सांगितले नाहीत. कुठे कमी पडले तेही नाही. मी निदान कारण लिहून देते.

तर ती साइट.

तेव्हा मी सात रस्त्याजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. एका दुपारी एक साठीचे गृहस्थ पिशवी घेऊन आले. धोतर, पांढरा सदरा, कपाळावर उभं गंध. त्यांनी पिशवीतून एक गुंडाळी काढली आणि माझ्या टेबलावर उलगडली. एका म्हातारीचा चेहरा होता. फोटो म्हणून बघायला वाकले, तर सूत. एकेक धागा हाताने घालून विणलेला चेहरा. गालावरच्या सुरकुत्या, नाकातली चमकी, डोळ्यांतलं पाणीसुद्धा सुताचं.

"आमचं आई," ते म्हणाले. "एकच फोटो होतं तिचं. त्येच्यावरनं विणलं. हे कॉम्प्युटरमधी टाकता येतंय का, मॅडम?"

हे नरसय्या. घरात तेलुगू, मराठी पेठेतलं. पूर्व भागात, कन्ना चौकाच्या मागे, एका खोलीत त्यांचा हातमाग. पूर्वी व्यापारी अशी वॉल हँगिंग घेऊन जायचे, मग छापील आली आणि व्यापारी यायचे थांबले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की आता गिऱ्हाईक कॉम्प्युटरमधून येतं.

मी तेव्हा व्हिडिओ बघून साइट बनवायला शिकत होते. शिकाऊ न्हाव्याला डोकं पाहिजे असतं, मला हे आयतं मिळालं. त्यांच्याकडून काही न घेता मी काम सुरू केलं. दोन महिने दर शुक्रवारी क्लास सुटला की मी त्यांच्या घरी जायची. फोटो काढायची, ते सांगतील ते लिहून घ्यायची. कमलम्मा, त्यांची बायको, उंबऱ्याशी बसून विड्या वळायची आणि मध्येच उठून मागासाठी सुताच्या कांड्या भरून द्यायची. "रा अम्मा, कूसो," म्हणजे ये बाई, बस, असं म्हणून ती माझ्यापुढे चहा ठेवायची. बशीत दोन खारी. मी त्या घरातून चहाशिवाय कधी उठले नाही.

साइटवर द्यायला नंबर हवा होता. घरच्या फोनवर नातेवाइकांचेच फोन जास्त, म्हणून नरसय्यांनी बटणांचा एक छोटा फोन आणि नवं सिमकार्ड घेतलं. "हे नंबर कुणाला द्यायचं न्हाय. मुलीला बी न्हाय. गिऱ्हाईकासाठी मोकळं पायजे," म्हणाले. त्या फोनसाठी त्यांनी चार बोटांची पिशवी विणली आणि मागाशेजारच्या खिळ्याला टांगली.

साइट अर्धवट असताना कुणाच्या शोधात येऊ नये म्हणून एक सोय असते. सेटिंगमध्ये एक चौकोन, त्यात टिक करायची. काम संपलं की टिक काढायची. मी पहिल्याच दिवशी टिक केली होती. काढायची शेवटी, असं वहीत लिहूनही ठेवलं होतं.

पण नरसय्यांनी मुहूर्त काढून आणला. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. दोघं नवरा-बायको नवे कपडे घालून क्लासला आली, नारळ, पेढे, हळदकुंकू घेऊन. आणि साडेदहाला लाईट गेली. अकरा वाजले, एक मिनिट झालं, दोन झाली, नरसय्या घड्याळाकडे बघतायत, कमलम्मा हात जोडून बंद पडद्यासमोर उभी. अकरा वाजून सात मिनिटांनी लाईट आली. कॉम्प्युटर सुरू होऊन मी पत्ता टाइप करते तोवर नऊ. बरोबर अकरा-दहाला पान उघडलं, सुताची म्हातारी पडद्यावर आली, नरसय्यांनी क्लासच्या पायरीवर नारळ फोडला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. कमलम्माने कीबोर्डला कुंकू लावलं. मुहूर्त साधला म्हणून मीही इतकी खूश, की पेढा खाऊन हात धुतले आणि वही मिटली.

टिक राहिली.

कळलं कसं नाही, असं कुणीही विचारेल. पत्ता टाइप केला की साइट उघडायची. माझ्या फोनवर पहिली दोन अक्षरं टाकली की उरलेला पत्ता फोनच भरायचा. त्यांच्या मुलीकडेही तसंच. आम्ही कधी शोधलंच नाही, आम्हाला पत्ता माहीत होता. गिऱ्हाईक येईना तेव्हा मी म्हणाले, "वेळ लागतो मामा, नवी साइट आहे." सगळे तज्ज्ञ हेच सांगत होते. पहिलं वर्ष गेलं. दुसरं गेलं. नंतर मला तिकडे बघायचीच लाज वाटायला लागली, आणि ज्याची लाज वाटते ते माणूस तपासत नाही. लोकांच्या डोळ्यांतली कुसळं वेचून पोट भरणाऱ्या बाईला स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसलं नाही.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी साइटवरच्या नंबरला फोन लावायची. चालू आहे ना बघायला. टेस्टिंगचा फोन. पहिल्याच रिंगला उचलला जायचा. "नमस्कार! नरसय्या वॉल हँगिंग, सोलापूर!" मग माझा आवाज ऐकून, "आं, मॅडम, तुमी हाव व्हय." आवाज किंचित खाली यायचा, पण पाच मिनिटं बोलायचे. काय विणतायत, कुठला रंग मिळेना. माझा फोन पहिल्या रिंगला उचलणारं दुसरं कुणी माझ्या आयुष्यात नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्यांना काही सांगायला नसूनही मी फोन करत राहिले ते त्यासाठीच.

मग क्लास बंद पडला. आई अंथरुणाला खिळली. मी तिच्या उशाशी बसून ऋतुराजचं काम करू लागले आणि फोन थांबला. दोन वर्षांनी आई गेली. त्यानंतर मला अडवणारं काहीच नव्हतं, तरी मी गेले नाही.

आणि आता ही लाल ओळ.

क्लासची जुनी वही माळ्यावर होती. पासवर्ड त्यात होता. मी आत शिरले, सेटिंग उघडलं. चौकोन तिथेच होता, टिकेसकट. मी माउस त्यावर नेला.

खरं सांगते, पहिला विचार हाच आला की काढून टाकावी. एक क्लिक. पंधरा-वीस दिवसांत साइट शोधात दिसू लागेल, कधीतरी फोन वाजेल, कुणाला काही कळायचं कारण नाही. पण मग नरसय्यांचा मला फोन येईल. "मॅडम, तुमी म्हटलं तसंच झालं बघा! वेळ लागतंय म्हटलं होतंव!" ते माझे आभार मानतील. कमलम्मा पेढे घेऊन जिने चढून येईल. ते पेढे माझ्या घशाखाली उतरले नसते.

मी टिक तशीच ठेवली आणि स्कूटीची किल्ली घेतली.

मार्च महिना, सकाळचे अकरा, पण ऊन चटके देत होतं. कन्ना चौकातून आत वळले. पूर्वी त्या बोळात शिरलं की यंत्रमागांच्या खडखडाटात स्वतःचं बोलणं ऐकू यायचं नाही. आता तीन दारं बंद होती. चौथ्या दाराशी कमलम्मा सुपात तंबाखू घेऊन बसली होती. केस पांढरे झाले होते. तिने मान वर केली, मला ओळखायला क्षणभर लागला, आणि मग तोंडभर हसली.

"रा अम्मा, रा! कुटं गेलं होतंव इतकं दिवस? आई कसं हाय?"

"आई गेली, कमलम्मा. दोन वर्षं झाली."

"अय्यो." तिने हातातलं पान खाली ठेवलं. "सांगायचं न्हाय व्हय? आमी आलं असतं की."

मी आत गेले तर मागाची जागा मोकळी होती. तिथे एक खाट होती, खाटेवर नरसय्या बसले होते. बारीक झाले होते. जमिनीत मागाच्या पायांचे चार खड्डे सिमेंटने बुजवलेले दिसत होते. बसायची फळी तेवढी राहिली होती. ती त्यांनी माझ्याकडे सरकवली.

"माग?" मी विचारलं.

"मोडलं. तीन वर्ष झालं." ते शांतपणे म्हणाले. "फोन येईना की. मी म्हटलं, सगळं जग बघतंय कॉम्प्युटरमधी, कुणी बी विचारंना, म्हंजे लोकांना आवडलं न्हाय. आमचं काम जुनं झालं. आवडत न्हाय ते कशाला करत बसायचं? काम सोडलं तसं हात बी सुटलं बघा." त्यांनी उजवा हात पुढे धरला. बोटं थरथरत होती.

खिळ्यावर मात्र पिशवी होती. रंग उडालेली, चार बोटांची. त्यातून वायर खाली आली होती आणि प्लगात खुपसलेली होती.

वाक्यं मी गाडीवर ठरवून आले होते.

"मामा," मी म्हटलं, "फोन आला नाही ती माझी चूक आहे."

"तुमची कसं? तुमी तर लई केलंव."

"नाही, ऐका. आपण दुकान मांडलं, पाटी लावली. पण शटर मी आतून बंद ठेवलं होतं, काम चालू होतं म्हणून. मुहूर्ताच्या दिवशी ते वर करायचं राहिलं. आपल्याला मागचं दार माहीत होतं. आपण तिथून येत-जात राहिलो आणि वाटलं, दुकान उघडं आहे. रस्त्यावरच्या माणसाला ते दिसतच नव्हतं. मला आज सकाळी कळलं. एक टिक काढायची होती. मी विसरले."

बाहेर कमलम्माचे हात थांबले होते. ती उठून आत आली.

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"सात वर्ष?"

"हो."

"कुणालाच दिसलं न्हाय?"

"कुणालाच नाही."

नरसय्या जमिनीतल्या सिमेंटच्या ठिपक्यांकडे बघत होते. मी शिव्यांची वाट बघत होते. मला त्या हव्या होत्या.

"म्हंजे," नरसय्या हळूच म्हणाले, "लोकांनी बघून नको म्हटलं न्हाय."

"नाही मामा. कुणी बघितलंच नाही."

"बघून नको म्हटलं न्हाय," ते पुन्हा म्हणाले. मग तेच तेलुगूत बायकोला सांगितलं. तिला मराठी कळत होतं, तरी सांगितलं. आणि ते उठले, खाटेखाली वाकून एक ट्रंक ओढली, जुन्या साडीत बांधलेली गुंडाळी काढली. मी गाठ सोडायला पुढे झाले, कारण त्यांच्या बोटांना ती सुटेना.

सुताची म्हातारी खाटेवर उलगडली. नरसय्या तिच्याकडे असं बघत होते, जणू दुसऱ्या कुणाचं काम बघतायत. नाकाच्या कडेवरून त्यांनी थरथरतं बोट फिरवलं.

"नाकाच्या सावलीला अकरा रंग घातलंय," ते म्हणाले. "बघा मॅडम. खरं सांगा. बरोबर हाय की?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. मला ते अकरा जण आठवले, पोहे खाऊन गेलेले. माझ्याबाबतीत तरी कुणी असं येऊन सांगायला हवं होतं, की बाई, त्यांनी तुला बघितलंच नव्हतं.

नरसय्यांना दिलासा मिळाला होता. पण त्या घरात दोन माणसं होती.

"तुमी खूश व्हताव व्हय?" कमलम्मा नवऱ्यावर कडाडली आणि मग माझ्याकडे वळली. "मॅडम, ते फोन मी रोज चार्जिंगला लावतंय. रोज. रिचार्ज मी मारतंय, विड्याच्या पैशातनं. गावाला गेलं तर पदरात बांधून नेलंय. मुलीच्या बाळंतपणात दवाखान्यात बसलंय मी त्येला मांडीवर घेऊन, येईल म्हणून. माग मोडलं त्या दिवशी हे माणूस जेवलं न्हाय. लाकूड नेताना बोळाच्या टोकापर्यंत मागनं चालत गेलं. आनि तुमी एक टिक काढलं न्हाय."

"चुकलं माझं."

"चुकलं म्हटलं की झालं व्हय? सात वर्षात एकदा बघायचं न्हाय? लोकांचं बघायचंय रोज!"

तिचं म्हणणं खरं होतं. मला बचाव नव्हता आणि मी केलाही नाही.

"कमला, ऱ्हाऊ दे," नरसय्या म्हणाले.

"काय ऱ्हाऊ दे?" ती बाहेर जाऊन पुन्हा उंबऱ्यावर बसली, आमच्याकडे पाठ करून. कात्री उचलली आणि पानं कापू लागली. 

मी नरसय्यांना विचारलं, आता काय करायचं. शटर वर केलं तर फोन येतील, लोक ऑर्डर विचारतील, आणि इथे माग नाही. नंबर काढून टाकू का? की सगळं पानच काढू?

त्यांनी खिळ्यावरच्या पिशवीकडे बघितलं.

"उघडा," म्हणाले. "नंबर बी ठेवा. काम बघून कुणी फोन केलं तर बोलतो की मी. कसं विणायचं, रंग कसं धरायचं, सांगतो. बोलायला हात कशाला लागतंय?"

मी उठले. चहा कुणी विचारला नाही. कमलम्माला ओलांडून बाहेर पडायचं म्हणजे तिला पाय आवरावे लागणार होते. तिने ते आवरले. मी चपला घालत असताना ती मान खालीच ठेवून म्हणाली,

"मॅडम, आता ते टेस्टिंगचं फोन करू नका. तुमचं फोन आलं की हे धावतंय. मग तुमीच असताव."

"नाही करणार," मी म्हटलं.

घरी आले, कॉम्प्युटर सुरू केला आणि टिक काढली. सगळं मिळून अर्धा मिनिट लागलं. मग शोधयंत्राला कळवण्याची जी रीत असते, हे पान पुन्हा येऊन बघा म्हणून, तसं कळवलं. बाजूची पट्टी उघडून पुन्हा तपासणी केली. शंभरपैकी शंभर. मला कुठल्याच साइटवर आजवर शंभर दिसले नव्हते. स्क्रीनशॉट घेऊन ऋतुराजला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

पुढचे दिवस मी रोज सकाळी दात घासायच्या आधी शोधायची. पत्ता टाकून नव्हे, अनोळखी माणसासारखं. सोलापूर, हाताने विणलेलं चित्र, फोटोवरून वॉल हँगिंग. आठ दिवस काहीच नाही. नवव्या दिवशी चौथ्या पानावर. मग दुसऱ्या. मग एका सकाळी पहिल्याच पानावर, तिसऱ्या जागी, मी सात वर्षांपूर्वी लिहिलेली ओळ आली: फोटोवरून हाताने विणलेले चेहरे, नरसय्या, सोलापूर. शेजारी नखाएवढी म्हातारी. मी ब्रश तोंडात धरून तशीच उभी राहिले. मग कुणाला सांगावं म्हणून फोन हातात घेतला आणि खाली ठेवला.

कन्ना चौकाकडे जायचं काही कारण उरलं नव्हतं. दोनदा शुक्रवार आला. मी सोसायटीच्या खाली जाऊन दूध आणलं, वर आले, काम केलं. आई होती तेव्हा निदान दुपारी औषध द्यायला उठावं लागायचं. आता मी सकाळी बसले की सरळ दिवे लागेपर्यंत बसते. माझा फोन दिवसातून एकदा वाजतो, ऋतुराजचा, तोही आता बरंच काही मेसेजवर सांगतो.

एप्रिलचा पहिला शुक्रवार. दुपारचे चार. सांगोल्याच्या एका रोपवाटिकेची साइट समोर होती, तिच्या बावीस फोटोंमागे एक शब्द नव्हता. मी मध्येच थांबले. कमलम्माला शब्द दिला होता, तो मला आठवत होता. एक रिंग होऊ द्यायची आणि कापायचा, असं मी स्वतःला समजावलं. चालू आहे एवढं कळलं तरी पुरे.

मी साइट उघडली, नंबरावर बोट ठेवलं.

रिंग झालीच नाही. ठरावीक आवाजातली बाई आली. आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती दुसऱ्या कॉलवर बोलत आहे. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. मग तेच हिंदीत, मग इंग्रजीत. मी तिन्ही भाषा शेवटपर्यंत ऐकल्या.

तो नंबर त्या पानाशिवाय जगात कुठेच लिहिलेला नाही. मुलीलाही दिलेला नाही.

दहा मिनिटांनी पुन्हा लावला. अजून तीच बाई. नरसय्या नाकाच्या सावलीपर्यंत पोचले असतील, अकरा रंगांची नावं एकेक करून सांगत असतील. मी चहा टाकला, एक कप. कप घेऊन येऊन बसले आणि रोपवाटिकेच्या पहिल्या फोटोमागे काय लिहायचं ते रिपोर्टात लिहू लागले.